न पाठवलेले पितर

अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णेच्या पुलापलीकडे, पितळी भांड्यांच्या दुकानामागून जो बोळ वळतो त्या बोळातील एका माडीवर पुष्कर सर कायद्याच्या प्रवेश परीक्षेचा वर्ग चालवीत असत. सरांचे घराणे याज्ञिकांचे. वडील आणि चुलते अद्यापही श्राद्धपक्ष, वास्तुशांती आणि लग्नकार्ये करीत गावभर हिंडत. परंतु पुष्कर सरांनी वकिलीचे शिक्षण घेतले, वकिलीत मन रमले नाही म्हणून शिकवणी धरली, आणि शिकवणीत मात्र त्यांचे असे नाव झाले की अकोट, तेल्हारा, बाळापूर अशा गावांतील मुले त्यांचा जिना चढू लागली. तर्कशक्तीचा भाग शिकविण्यात सरांचा हात धरणारा कोणी नाही, असे जो तो म्हणे.

हिवरखेडच्या किसनरावांची मुलगी अपेक्षा याच वर्गात होती. मुक्काम मावशीकडे. कायद्याचे प्राथमिक ज्ञान तिला उत्तम, सामान्य ज्ञान तर मुखोद्गत. पण तर्काचा भाग आला की तिचे घोडे पेंड खाई. मागील वर्षी याच भागाने तिला बुडविले होते. यंदाही बुडाली तर वकील होण्याचे नाव टाकून गावाजवळच्या कॉलेजात नाव घालायचे, असे घरात ठरून गेले होते. तिच्या न्यूनाचे कारण एकच. प्रश्नात जेवढे दिले आहे तेवढ्यावर तिचे समाधान होत नसे.

एके दिवशी सरांनी फळ्यावर लिहिले: ‘ज्यांच्या घरी विहीर आहे ते कोणीही टँकर मागवीत नाहीत. शेषराव टँकर मागवीत नाहीत. म्हणून शेषरावांच्या घरी विहीर आहे.’ निष्कर्ष बरोबर की चूक?

“बरोबर,” अपेक्षा म्हणाली. “विहीर नसती तं त्यायनं टँकर मागवलाच असता न सर.”

“शेषरावांकडे नळ असेल.”

“आमच्या तिकडं नळाचा काही भरवसा नसते, सर.”

“हा तुझ्या तिकडचा शेषराव नव्हे. हा प्रश्नातला शेषराव आहे. याला गाव नाही, तालुका नाही, बायको नाही. कदाचित हा पाणीच पीत नसेल.”

वर्ग हसला. मागल्या बाकावरून कोणी म्हणाले, “मंग सर, तो जित्ता कसा राह्यला?”

“तो जिवंत आहे असे तरी कुठे दिले आहे?” सर म्हणाले.

यावर वर्ग अधिकच हसला. अपेक्षाला मात्र हसू आले नाही.

सरांच्या युक्त्या थोड्या होत्या, पण ते त्या मंत्रासारख्या घोकून घेत. आधी प्रश्न वाचावा, मग उतारा. ‘सर्व’, ‘काही’ आणि ‘फक्त’ हे शब्द दिसले की थांबावे, कारण बहुतेकांचा पाय तेथेच घसरतो. आपल्या पदरचे ज्ञान उंबरठ्याबाहेर चपलांसारखे काढून ठेवावे. ‘यावरून निष्कर्ष काढता येत नाही’ या पर्यायाला भिऊ नये. तोही प्रामाणिक पर्याय आहे. आणि सर्वांत महत्त्वाची युक्ती गृहीतकाची. ‘कुत्र्यापासून सावध राहा’ अशी पाटी कोणी लावली, तर येणाऱ्याला वाचता येते हे त्यात गृहीत आहे काय? त्याला नकार लावून पाहावा. येणाऱ्या कोणालाच वाचता येत नाही असे मानले, तर पाटी लावणेच व्यर्थ ठरते; सबब ते गृहीतक. आता पाटी निळी आहे, यालाही नकार लावावा. पाटी निळी नाही. बरे, मग काय बिघडले? काहीच नाही. सबब ते गृहीतक नव्हे. “ज्याला नकार लावल्यावर घर कोसळते तो खांब,” सर म्हणत, “आणि ज्याला नकार लावूनही काही हलत नाही, त्यावर घर कधी उभेच नव्हते.”

अपेक्षाची मोठी बहीण प्रणाली हीदेखील दोन वर्षांपूर्वी याच सरांची विद्यार्थिनी होती. तर्काच्या भागात तिच्यासारखी मुलगी आपण पाहिली नाही, असे सर म्हणत. प्रणालीचा निकाल लागला, यादीत नाव आले, आणि त्याच पावसाळ्यात डेंग्यूच्या तापाने ती गेली. कॉलेजचे दार काही तिने पाहिले नाही.

परीक्षा जवळ आली तेव्हा मध्ये अक्षय तृतीया आली, म्हणून अपेक्षा हिवरखेडला गेली.

वऱ्हाडातील कुणबी घरांत अखजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, पितर जेवू घालण्याची चाल आहे. ज्या घरातून माणूस गेले, त्या घराने त्या माणसाच्या जागी दुसरे कोणी जिवंत माणूस बोलवायचे. गेलेल्या बापाच्या जागी बाप्या, सवाष्णीच्या जागी सवाष्ण, कुमारिकेच्या जागी कुमारिका. त्याला पाटावर बसवायचे, पाय धुवायचे, गेलेल्याच्या नावाने हाक मारायची, पुरणपोळी आणि आमरस वाढायचा, अंगावर कापड घालायचे. पोटभर जेवून झाले की पायांवर पाणी घालून उंबरठ्याबाहेर पाठवणी करायची: तृप्त झाला असाल, आता सुखाने जा. ते पितर मग मागे वळून न पाहता आपल्या घरी जाते. मागील वर्षी प्रणालीच्या पाटावर शाळामास्तरांची श्रावणी बसली होती.

यंदा पाने मांडून झाली तरी श्रावणीचा पत्ता नव्हता. ऊन मी म्हणत होते. कूलरमधून गरम वाऱ्याखेरीज काही येत नव्हते.

“तिले अडचण आली,” अपेक्षाची आई शकुनबाई म्हणाली. “सांगावा आला व्हता सकाळी. आता अपेक्षालेच बसवतो पाटावर.”

शेजारच्या मनकर्णाबाई ओसरीत कुरडया तळत बसल्या होत्या. त्यांचा झारा हातातच राहिला.

“काय बोलून राह्यली वं शकुन? घरचं माणूस पितर बसवत असतात काय?”

“काहून? तिची सख्खी बहीण हाय ते.”

“म्हनूनच म्हनतो न. परकी पोरगी जेवते अन् आपल्या घरी चालली जाते. हे कोठी जाईन? हिचं घर हेच. पाठवसान कोठी इले?”

“तुमचं आपलं काई बी असते, काकू.”

“माहं काई बी असते, अन् तुहं मोठं शास्तर असते! किसनराव, तुमी तरी बोला की जी.”

किसनराव निखाऱ्यावर तुपाचा घास टाकीत होते. धूर डोळ्यांत गेल्यासारखे त्यांनी डोळे पुसले आणि एवढेच म्हटले, “अन्न थंडं होऊन राह्यलं. बसू द्या.”

अपेक्षा पाटावर बसली. आईने तिचे पाय धुतले, पदराने पुसले, कुंकू लावले, प्रणालीच्या आवडीच्या पिस्ता रंगाचे ड्रेसचे कापड मांडीवर ठेवले आणि हाक मारली, “प्रणाली, जेव माय.” अपेक्षाने घास घेतला. त्या क्षणी विशेष असे काहीही घडले नाही. फक्त पुरणाचा पहिला घास गिळताना तिला वाटले, आपल्याला एवढी भूक लागलेली नव्हती.

जेवण झाल्यावर अपेक्षा हात धुऊन आतल्या खोलीत अभ्यासाला गेली. उंबरठ्यापर्यंत कोणी गेले नाही, पायांवर पाणी कोणी घातले नाही. घरच्या मुलीची पाठवणी कोण करतो!

त्याच संध्याकाळपासून आईने तिला प्रणाली म्हणावयास आरंभ केला. प्रथम अपेक्षाला वाटले, दिवसभराची सवय जिभेवर राहिली असेल. दुसऱ्या दिवशीही तेच. आई तिच्यापुढे कैरीच्या फोडी तिखट-मीठ लावून ठेवी. कैरीने अपेक्षाचे दात आंबत, म्हणून ती लहानपणापासून कैरीला शिवत नसे. प्रणाली मात्र वाटीच्या वाटी संपवी. अपेक्षाने आईचे मन राखावे म्हणून एक फोड तोंडात टाकली. दात आंबले नाहीत. तिने दुसरी घेतली, आणि थोड्या वेळाने पाहते तो वाटी रिकामी.

अभ्यासातही नवल घडले. जे प्रश्न तिला चारचारदा वाचावे लागत, ते आता वाचता वाचताच सुटू लागले. तिचे डोळे आपोआप शेवटच्या पर्यायावर जात आणि तेथून वर वर चढत. मध्येच एखाद्या पर्यायापाशी ते थांबत, आणि तोच बरोबर निघे. कोणी खांद्यावरून वाकून बोट दाखवावे तसे. तिला भीती वाटली, हे खरे. परंतु आनंद त्याहून अधिक वाटला, हेही खरे. बुडत्याला काडीचा आधार. ती काडी कोणाच्या हातातली आहे, हे कोण विचारतो?

तिसऱ्या दिवशी दुपारी वडील खाटेवर पडले होते आणि आई धान्य निवडीत होती. आई सहज म्हणाली,

“अहो, अपेक्षाचा काई फोन नाही आला अकोल्याहून. कवा येते म्हने ते?”

अपेक्षा समोरच, हातभर अंतरावर बसली होती. तिने वडिलांकडे पाहिले. वडिलांनी छपराकडे पाहिले.

“येईन,” ते म्हणाले.

ती उठून त्यांच्या मागे गोठ्यात गेली तेव्हा ते हळूच म्हणाले, “दोन रोज तिच्या मनासारखं होऊ दे, बाई. लय दिवसानं हसून राह्यली ते.”

“पण बाबा, मी हाओ न समोर!”

“माईत हाय मले,” वडील म्हणाले; पण हे म्हणताना त्यांनी तिचे नाव घेतले नाही.

आतल्या खोलीत येऊन ती भिंतीला टेकून बसली. बाहेर गाव उन्हाने मेल्यासारखे पडले होते. मन ताळ्यावर आणावे म्हणून तिने सरांची युक्ती आठवली आणि पुस्तकातील प्रश्नाऐवजी तिने आपल्याच घराला ती लावली. ‘ताई या घरात नाही’, हे एक विधान. याला नकार लावावा. ‘ताई या घरात आहे.’ आता काय काय कोसळते ते पाहावे. कैरीची रिकामी वाटी? ती तशीच राहते. आईची हाक? जशीच्या तशी. आपली अचूक येणारी उत्तरे? ती तर अधिकच नीट बसतात. तिने एकेक वस्तू तपासली. काहीही हलले नाही.

तिने घाईने दुसरे विधान घेतले, जे निश्चितच खांब असणार होते. ‘अपेक्षा या घरात आहे.’ याला नकार लावावा. ‘अपेक्षा या घरात नाही.’ आई तर तिच्या फोनची वाट पाहते आहे. वडील येईन म्हणतात. पाटावर प्रणाली जेवली. बाजेवर प्रणालीचे कापड आहे.

काहीच कोसळले नाही. घर तसेच, शांत, उभे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने ती अकोल्याला परतली. त्या दिवशी सरांनी सराव परीक्षा ठेवली होती. हजेरी घेताना सरांनी अपेक्षाचे नाव दोनदा पुकारले. शेजारणीने कोपर मारले तेव्हा ती भानावर येऊन उभी राहिली. पेपर मात्र तिने सर्वांच्या आधी संपविला. सरांनी तर्काचा भाग तपासला आणि चष्मा काढून पुसला.

“एकही चूक नाही. शाब्बास! सर्वांना सांग, कसे केलेस?”

अपेक्षा उभी राहिली आणि सहज बोलून गेली, “शेवटच्या पर्यायापासून वर वाचायचं, सर. पेपर काढणारा घाईतल्या माणसासाठी चकवा वरतेच ठेवते. खालून गेलं की चकव्याची अन् आपली गाठच पडत नाही.”

मुलांनी माना डोलावल्या. सर मात्र हातातला खडू बोटांत फिरवीत उभे राहिले. वर्ग सुटल्यावर त्यांनी तिला थांबविले.

“हे तुला कोणी सांगितले?”

“कोणी नाही, सर.”

“मी हे कधी शिकवत नाही. मी वरून खाली वाचायला शिकवतो. हे वाक्य दोन वर्षांपूर्वी प्रणाली माझ्याशी भांडताना म्हणाली होती. याच जागी उभी राहून. वर्गात दुसरे कोणी नव्हते. तिने घरी सांगितले असेल?”

“मी तवा अकरावीत होती, सर, गावाले. ताईनं मले तर्काचं काहीच सांगतलं नव्हतं.”

मग तिने पाट, पुरणपोळी, मनकर्णाबाईंचे बोलणे आणि घरातील हाका सर्व काही सांगितले. पुष्कर सर खिडकीशी गेले. याज्ञिकाचा मुलगा आणि तर्काचा शिक्षक, असे दोन पुरुष त्या एका देहात वास करीत होते आणि दोघांचेही पटत नसे. आधी त्यांतील पहिला बोलला.

“आमच्याकडे आवाहन करतात तसे विसर्जनही करतात. वडील म्हणतात, बोलावणे सोपे असते, पाठवणे अवघड; म्हणून विसर्जन करणाऱ्याला दक्षिणा द्यावी. ज्याने बोलावले त्यानेच पाठवायचे असते. दुसऱ्याच्या म्हणण्याने कोणी जात नाही.”

“अन् नाही पाठवलं तं?”

आता दुसरा बोलला. “दिलेल्या माहितीवरून निष्कर्ष काढता येत नाही.” त्यांनी तिच्याकडे पाहिले. “पण परीक्षा चार दिवसांवर आहे. आज तुझी जशी तयारी आहे, तशी असेल तर तुझे नाव यादीत नक्की लागेल. हे मी शिक्षक म्हणून सांगतो. आणि शिक्षक म्हणूनच विचारतो, नाव कोणाचे लागेल?”

ती जिना उतरून पुलाकडे निघाली. वाटेतच श्रावणीचा फोन आला.

“काय वं, पेपराले शुभेच्छा द्याव म्हटलं. अन् एक सांग. काकू मायावर रागावली काय?”

“काहून?”

“अखजीले मी आंघोळबिंघोळ करून तयार बसली व्हती. तं काकूनं फोन करून येऊ नको म्हटलं. म्हने, यंदा पितर पाठवाचंच नाही, मंग परकी पोरगी कायले पायजे.”

अपेक्षा पुलाच्या कठड्याला धरून उभी राहिली. खाली मोर्णेचे पात्र उन्हाने भेगाळले होते. अडचण कोणाला आली नव्हती. चूक कोणाची झाली नव्हती. आईने जाणून-बुजून, पूर्ण विचारांती, घरचा पाट घरच्या मुलीला दिला होता. कारण घरच्या मुलीला उंबरठ्याबाहेर पाठवावे लागत नाही.

परीक्षेच्या दिवशी पहाटेच आई अकोल्याला आली. केंद्र अमरावतीला होते. बसमध्ये आईने खिडकीची जागा तिला दिली, मूर्तिजापूर गेल्यावर पदराखालून डबा काढला आणि कैरीच्या फोडी तिच्या हातावर ठेवल्या. अपेक्षाने त्या खाल्ल्या. खाताना तिला खिडकीच्या काचेत आपला चेहरा दिसला. तो ओळखीचा होता, परंतु कोणाच्या ओळखीचा, हे काही तिला चटकन सांगता येईना. बडनेरा येईपर्यंत आई तिच्याशी अशा गोष्टी बोलत राहिली ज्या अपेक्षाला ठाऊक नव्हत्या. आणि नवल असे की, त्यांची उत्तरे तिच्या तोंडून नीट जात होती.

केंद्राच्या फाटकाशी गर्दी होती. आयाबाया मुलांना दही-साखर भरवीत होत्या, बाप ओळखपत्रे पुनःपुन्हा तपासत होते. आईने तिच्या गालावरून हात फिरविला.

“जाय, प्रणाली. नीट लिहिजो.”

अपेक्षा हलली नाही. जिभेवर ‘हो आई’ तयार होते. तिने ते मोठ्या कष्टाने गिळले.

“आई, श्रावणीले तूच येऊ नको म्हटलं.”

आईचा हात गालावरच राहिला.

“तिची पाठवणी कर, आई. इथंच कर.”

“बह्याडासारखी बोलू नको. पेपराचा टाइम झाला.”

“परीक्षेले एकच जण बसू शकते, आई.”

“मंग तिले बसू दे न,” आई म्हणाली. हे शब्द तिने फार मायेने, समजूत घालावी तसे उच्चारले. “तिले येते ते. तू तं मांगच्या साली त्यातच राह्यली. तुहं काय नुकसान हाय सांग बरं? नाव तं लागीन.”

“अन् मी कोठी जाऊ?”

फाटकातून मुले आत जात होती. पहारेकरी घाई करीत होता.

“सांग न, आई. ते कॉलेजात जाईन, ते वकील होईन, तुह्या हातची कैरी खाईन. मी कोठी राहू? मले कोठं बसवशीन? पुढच्या अखजीले कोणाच्या पाटावर?”

आई तिच्याकडे पाहत राहिली. प्रथम ती प्रणालीकडे पाहत होती. मग तिची दृष्टी त्या मुखावर काही शोधू लागली, हनुवटीवर, कानामागे, जेथे अपेक्षाला लहानपणी पडून झालेली खूण होती. आणि ती सापडली तेव्हा तिच्या चेहऱ्याचा रंग उतरला. विहिरीत घागर सोडावी आणि दोर हातातून निसटतो आहे हे उशिरा कळावे, तशी ती दचकली. एक मुलगी तिने तापाच्या स्वाधीन केली होती. दुसरी ती स्वतःच्या हाताने, पुरणपोळी वाढून, घालवीत होती.

तिने पाण्याची बाटली उघडली. भर गर्दीत, त्या फाटकाशी ती खाली बसली आणि मुलीच्या पायांवर पाणी घातले. लोक पाहू लागले. कोणी म्हणाले, नवस असेल. मग ती म्हणाली,

“प्रणाली, माय, जेवली तू. लय दिस ठेवून घेतलं मी तुले. आता जाय. सुखानं जाय. मांगं पाहू नको.”

अपेक्षाच्या ओठांनी उत्तर दिले, “जातो, आई.” आणि तिचे पाय चालू लागले. ते पाय आपण टाकतो आहोत की आणखी कोणी, हे फाटक ओलांडेपर्यंत तिला कळले नाही. तिने मागे पाहिले नाही.

आत संगणकाच्या पडद्यावर तिचे नाव आणि छायाचित्र आले. अपेक्षा किसनराव. तिने ते दोनदा वाचले. तर्काचा भाग आला तेव्हा तिने सवयीप्रमाणे शेवटच्या पर्यायावर डोळे ठेवले आणि वाट पाहिली. काही आले नाही. खांद्यावरून कोणी वाकले नाही. सोयरे-धायरे निघून गेल्यावर घर जसे एकाएकी मोठे वाटते, तसे तिला आपले डोके वाटले. आणि त्याच क्षणी तिचे दात आंबले, दोन्ही बाजूंचे, असे सणसणून की डोळ्यांत पाणी आले. बसमध्ये खाल्लेल्या कैरीचा आंबटपणा आता कोठे पोहोचला होता.

तिने डोळे पुसले आणि वरून खाली वाचावयास सुरुवात केली. आधी प्रश्न, मग उतारा. ‘फक्त’ दिसला की ती थांबली. पदरचे ज्ञान काढून ठेवले, पुन्हा घेतले, पुन्हा काढून ठेवले. काही प्रश्न सुटले. काही सुटले असे वाटले. काहींपाशी ती फार वेळ बसली आणि शेवटी जे उरले ते तसेच राहून वेळ संपला.

बाहेर आली तेव्हा आई फाटकासमोरच्या लिंबाखाली उभी होती. अपेक्षा जवळ गेली. आईने तिच्या खांद्यावर हात ठेवला. परंतु दृष्टी तिच्या मागे, फाटकाकडेच होती. मुले घोळक्या-घोळक्याने बाहेर पडत होती, उत्तरे ताडून पाहत, हसत, चिडत. घोळके विरळ झाले. मग एकेक जण येऊ लागला. मग कोणी येईना. तरी आई उभीच. पहारेकरी फाटक ओढू लागला तेव्हा ती पुढे झाली.

“आतमंदी अजून कोणी राह्यलं काय जी?”

“कोणी नाही, बाई.”

“एखांदी पोरगी... पिस्ता कलरचा डरेस...”

“खोल्या पाहून आलो मी. सगळे गेले.” त्याने कडी घातली.

आई त्या बंद फाटकाकडे क्षणभर पाहत राहिली. मग वळली आणि प्रथमच अपेक्षाकडे नीट पाहिले, प्रवासाहून आलेल्या माणसाकडे पाहावे तसे.

“तुले भूक लागली असन,” ती म्हणाली. “काय खातं, सांग. तुले काय आवडते, ते मले आठवूनच नाही राह्यलं, अपेक्षा.”

अपेक्षा उत्तर देण्यासाठी थांबली. रस्त्यावरून बडनेऱ्याचा एक ऑटो गेला, मग दुसरा गेला. तिला आठवायला वेळ लागत होता.